लाभ, दोन, तीन

निळवं, कोळवं, चिपटं, मापटं,
शेर, अधोली, पायली:
प्रत्येक माप आधल्याच्या दुप्पट.
नंदगडच्या पेठेत काकांच्या भाताच्या वखारीत
ही सात मापं एकात एक बसून असत.

आता ढगासाठी मी तीच मांडणी करते.
पाच मायक्रॉनच्या थेंबापासून
टपोऱ्या थेंबापर्यंत चोवीस खण,
वजनाला दुप्पट, दुप्पट.
कुठल्या खणातला थेंब कुणाला किती वेळा गाठेल
त्याचं कोष्टक शिवलीला मुनवळ्ळीनं केलंय.
बहुतेक घरांत जवळजवळ शून्य.
मोठा थेंब खाली येताना हवा बाजूला सरते
आणि धाकटा तिच्याबरोबर वळसा घेऊन निघून जातो,
उधारी थकलेल्या दुकानासमोरून माणूस जातो तसा.

पहिल्या रात्री मी वेळेचं पाऊल फार लांब टाकलं.
ढगात उणे सातशे थेंब निघाले.
शिवलीला खुर्चीत रेलून हसली,
"हा ढग उलट आपल्याकडंच पाणी मागतोय की!"

पाऊल लहान केलं. अर्धा सेकंद.
कणकुंबीच्या घाटावरचा ढग तासभर चालवायला
खानापूरच्या भाड्याच्या खोलीत अख्खी रात्र जाते,
मध्ये वीज गेली तर दोन.
आणि पाऊस येतो. नेहमीच लवकर.
शाळेच्या पत्र्यावरचं आमचं यंत्र म्हणतं पावणेपाच,
गणित सव्वाचारलाच भिजलेलं.

चूक शोधताना तानाक्का आठवली,
वखारीत माप घालणारी.
पहिल्या मापाला ती एक म्हणत नसे,
लाभ म्हणे.
लाभ, दोन, तीन.
(शिवलीलाच्या आजोळीही तसंच:
लाभ, एरडु, मूरु.)

चिपट्यात असतात चार निळवी, मापट्यात आठ.
एक चिपटं नि एक निळवं आदळून एक झालं
तर होतो पाच निळव्यांचा थेंब,
चिपट्यात न मावणारा, मापटं न भरणारा.
त्याला खण नाही.
म्हणून आम्ही त्याचा पाऊण हिस्सा इकडे लिहितो,
पाव हिस्सा तिकडे.
संख्या जुळते, वजन जुळतं, खातं चोख,
आणि आकाशात तसा थेंब कुठेच नसतो.

जांबोटीच्या फाट्यावर एका गावाची पाटी आहे,
नाव दोन लिप्यांत,
एकावर डांबराचा जुना फराटा.
कुठल्या लिपीवर ते मी सांगत नाही.
गाव मागे आहे, एकच,
फणसाखाली म्हशी बांधून.

तर तो पाव मापटं,
जो कधी झालाच नव्हता,
पुढच्या पावलाला आणखी कुणाला तरी भिडतो,
त्यातून पाव शेर, त्यातून थोडी अधोली,
न झालेल्यांची ही पिलावळ
खऱ्या थेंबांच्या आधी जमिनीवर पोचते.

तानाक्का काय करायची?
शेवटचं माप अर्धवट आलं
की मोजणी तिथंच थांबवायची,
भातावर तळवा ठेवून गिऱ्हाईकाकडे बघायची:
"ह्याचं काय करू, बोला."
संगणकाला तळवा नाही.
दोन मापांच्या मध्ये आम्ही आणखी तीन मापं घातली,
तानाक्कानं कधी न पाहिलेली, नावं नसलेली.
खण शहाण्णवाच्या घरात गेले.
पंखा बंद ठेवला, विजेचा भार नको म्हणून.

पहाटे आकडा आला. चार चौतीस.
अजून अकरा मिनिटं.
शिवलीला टेबलावर डोकं टेकून झोपलेली,
गालावर वहीच्या तारेचा वळ.
तेवढ्यात कणकुंबीहून यल्लोजी शिपायाचा फोन,
"मॅडम, यंत्राच्या उजेडात कोळी जाळं विणतोय.
किती दिवस झाले काय की.
पुसू?"

थांब, म्हटलं.